आमच्या घरची रेड

"आमच्याकडे रेड आहे," हे वाक्य मी ज्या दिवशी पहिल्यांदा चारचौघांत उच्चारलं, त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत चंद्रपूरच्या आमच्या गल्लीत माझी पत एकदम वाढली. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाच्या घरावर इन्कम टॅक्सवाल्यांना धाड घालावीशी वाटते, म्हणजे हा माणूस वाटतो तेवढा साधा नाही, असा लोकांनी अर्थ काढला. समोरचे काका चष्मा पुशीत आत आले, पलंगाखाली एक नजर टाकली आणि हळूच म्हणाले, "काजी गुरुजी, किती सापडलं?"

"बारा टेराबाइट," मी म्हणालो.

काकांना टेराबाइट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण बारा म्हटल्यावर ते लाखच असणार, असं समजून ते आदरानं खुर्चीच्या टोकावर बसले.

आमची रेड निराळी. ती सरकारनं घातलेली नाही, मी स्वतः, माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून, कोठीच्या खोलीत तांदळाच्या कणगीशेजारी घातलेली आहे. जुन्या, दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या हार्ड डिस्क एकत्र बांधून तयार केलेलं ते कोठार आहे. या प्रकाराला शास्त्रीय भाषेत 'डिस्क अ‍ॅरे' म्हणतात. हा शब्द मी घरात एकदाच वापरला. "अरे काय अरे? नीट बोला," असं आतून उत्तर आलं. तेव्हापासून आम्ही 'रेड'च म्हणतो.

या उपद्व्यापाचं मूळ वडशाला आहे. आमचे थोरले भाऊ वडशाला व्हिडिओ शूटिंगचं दुकान चालवीत. वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. तिकडे धान घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. मंडई भरली की त्या रात्री नाटक आलंच. रात्री अकराला पडदा वर जातो तो पहाटे कोंबड्याच्या सल्ल्यानं खाली येतो. भाऊ ही नाटकं गावकऱ्यांच्या सांगण्यावरून कॅमेऱ्यात घेत. एका व्हीएचएस कॅसेटमध्ये तीन तास मावायचे आणि नाटक चालायचं सात तास. त्यामुळे दर नाटकात दोनदा कॅसेट बदलावी लागे. आणि कसं कोण जाणे, खलनायक नेमका कॅसेट बदलायच्या वेळीच खून करायचा. भाऊंच्या संग्रहातल्या बहुतेक नाटकांत माणसं खून न होताच मेलेली आहेत.

भाऊ गेले आणि मागे पाचशे कॅसेटी राहिल्या. दोनशे व्हीएचएस आणि तीनशे लहान, मिनी डीव्हीच्या. वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा वहिनींनी कपाट उघडून दाखवलं.

"भाऊजी, तुमचे भाऊ गेले तं गेले, मले ह्या कॅसेटी सांभाळाले ठेवून गेले. ह्यायले बुरशी येऊन राहिली जी. का करू मी?"

त्या ढिगातच १९९३ सालची एक कॅसेट होती. त्या वर्षी आमच्या गावच्या मंडईत गावातल्याच मंडळींनी नाटक बसवलं होतं आणि आमच्या वडिलांनी त्यात वकिलाचं काम केलं होतं. वडिलांचे फोटो आमच्याकडे तीन. तिन्हींत ते फोटोग्राफरनं दम दिल्यासारखे उभे आहेत. हलणारे, बोलणारे वडील जगात फक्त त्या एका कॅसेटमध्ये होते, आणि तिच्यावर पांढरी बुरशी चढत होती. मी वहिनींना म्हणालो, "मी करतो काहीतरी." घरातल्या धाकट्यानं आयुष्यात एकदा तरी हे वाक्य म्हणावं लागतं. मी ते बासष्टाव्या वर्षी म्हणालो.

कॅसेटी संगणकात उतरवायचं काम भाऊंच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं अंगावर घेतलं. तो नागपुरात संगणकाचंच काहीतरी करतो. त्यानं हिशेब मांडला. एका तासाच्या चित्रणाला तेरा जीबी जागा. म्हणजे पाचशे कॅसेटींना मिळून बारा टेराबाइट.

"मग ते आभाळात ठेवतात ना, ते क्लाऊड की काय, तिथे ठेवू," मी माझं अद्ययावत ज्ञान पाजळलं.

"ठेवू की. दर महिन्याला भाडं भरा. आणि काका, तुमच्या इंटरनेटनं हे सगळं वर चढवायला रात्रंदिवस पंचावन्न दिवस लागतील."

ज्या आभाळाचं भाडं थकलं की आपले वडील रस्त्यावर येतात, ते आभाळ मला काही पसंत पडलं नाही. नव्या डिस्कांच्या किमती ऐकून मी पाणी मागितलं. तेव्हा पुतण्यानं तिसरा मार्ग सांगितला: सेवानिवृत्त डिस्का.

मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणककेंद्रांत हजारो डिस्का रात्रंदिवस फिरत असतात. त्या दणकट बांधणीच्या असतात आणि त्यांची हमी सहसा पाच वर्षांची असते. हमी संपली, किंवा तेवढ्याच जागेत चौपट माल ठेवणारी नवी डिस्क निघाली, की चालत्या डिस्का काढून टाकतात. ज्यांच्यावरचा मजकूर गुप्त असतो त्यांचा चुरा करतात. बाकीच्या पुसून, स्वच्छ करून दिल्ली-मुंबईच्या बाजारात विकायला येतात. मला हे ऐकून भरून आलं. मलाही ३१ तारखेला संध्याकाळी, हातपाय, डोळे आणि आवाज शाबूत असताना, केवळ अठ्ठावन्न भरले म्हणून नारळ दिला होता. मी म्हणालो, "मागव."

ही युक्ती काही पुतण्याच्या डोक्यातून निघालेली नाही. १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर होतं आणि त्यात पन्नास लाख अक्षरं मावत. पुढेही मोठ्या डिस्का राजेशाही थाटाच्या आणि राजेशाही किमतीच्याच राहिल्या. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहून विचारलं, की एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळशा स्वस्त डिस्का एकत्र का बांधू नयेत? त्यातली एखादी मेली तरी बाकीच्यांनी तिचं काम सांभाळायचं. या योजनेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा शब्द झाला 'रेड', आणि त्यातला 'आय' होता 'इनएक्स्पेन्सिव्ह' म्हणजे स्वस्त या शब्दाचा. पुढे कंपन्या हीच वस्तू विकू लागल्या तेव्हा 'स्वस्त' हा शब्द त्यांच्या गल्ल्याला टोचू लागला. म्हणून त्यांनी 'आय' तसाच ठेवून त्याचा अर्थ 'इंडिपेंडंट', स्वतंत्र, असा करून टाकला. स्वातंत्र्य महाग विकता येतं. स्वस्ताई कशी विकणार?

यथावकाश थर्माकोलमध्ये गुंडाळलेल्या नऊ डिस्का पार्सलनं आल्या. चार टेराबाइटची एक, दर अठराशे रुपये. आठ कामाला आणि एक राखीव. सौभाग्यवतींनी एक हातात घेतली.

"वजनदार आहे हो. भंगारवाला चांगले पैसे देईल."

प्रत्येक डिस्कच्या पोटात तिचं सेवापुस्तक असतं. किती तास चालली, कितीदा चालू-बंद झाली, पृष्ठभागावरचे किती कप्पे निकामी झाले, सगळी नोंद. आमच्या पहिल्या डिस्कवर ४१,००० तास निघाले, म्हणजे जवळजवळ पावणेपाच वर्षं अखंड ड्युटी. किरकोळ रजासुद्धा नाही. मी कागद घेऊन माझा हिशेब केला. पस्तीस वर्षं, वर्षाचे दोनशेवीस दिवस, दिवसाचे सहा तास. ४६,२०० तास भरले. मी डिस्कला मागे टाकलं होतं. हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं. "त्यातले काम किती आणि नुसते चालू किती?" असा प्रश्न स्वयंपाकघरातून आला. असली नोंद डिस्कच्या पुस्तकात नसते, हे एक बरं आहे.

सेवापुस्तकातही खाडाखोड होते म्हणे. २०२५ च्या सुरुवातीला जुन्या डिस्कांचे तास पुसून त्या नव्या म्हणून विकल्याचं प्रकरण जर्मनीत गाजलं. पण डिस्कमध्ये आणखी एक खोलवरची वही असते, तिच्यात खरा आकडा तसाच राहिला होता, आणि चोरी उघडकीला आली. आमच्या पुतण्यानं दोन्ही वह्या ताडून पाहिल्या. शिवाय डिस्का दोन निरनिराळ्या ठिकाणांहून घेतल्या होत्या. एकाच लॉटच्या, एकाच वयाच्या डिस्का एकदमच आजारी पडू शकतात. आमच्या बॅचच्या मास्तरांचे गुडघे जसे सगळ्यांचे एकाच वर्षी गेले, तसं.

आता निवृत्त माणूस म्हटला की त्याच्या काही सवयी असतात. या डिस्का साध्या संगणकाच्या साध्या खाचेत बसतच नाहीत. साधी डिस्क यांच्या खाचेत बसते, पण यांना साध्याची खाच चालत नाही. आमच्याकडे लग्नात वरपक्ष असाच असे. त्यासाठी वेगळं कार्ड आणावं लागलं. ते कार्डही जुनंच. त्याला स्वतःची रेड चालवायची सवय होती. पुतण्यानं त्याच्यातला प्रोग्राम बदलून ती मोडली. "काका, आता हे फक्त इकडचा निरोप तिकडे पोचवील, मधे अक्कल चालवणार नाही." असा चपराशी आमच्या शाळेला पस्तीस वर्षांत मिळाला नाही.

दुसरी अडचण म्हणजे चार डिस्कांची मोजण्याची पद्धत. सगळं जग ५१२ बाइटचा कप्पा धरतं. या साहेब लोकांत राहून आलेल्या, यांचा कप्पा ५२० चा. वरचे आठ बाइट जुन्या मालकाच्या तपासणीच्या खुणेसाठी असत. ती सवय मोडायला प्रत्येक डिस्क कित्येक तास नव्यानं आखावी लागली. आणि एवढं करून चार टेराबाइटची डिस्क संगणकात दिसली ३.६ ची! मी लगेच विक्रेत्याला फोन लावायला निघालो. पुतण्या म्हणाला, यात कोणी फसवलेलं नाही. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक एक हजार चोवीसच्या. "म्हणजे घेताना पायली मोठी आणि देताना लहान," सौभाग्यवतींनी एका वाक्यात विषय संपवला. त्या भंडाऱ्याच्या धानवाल्यांच्या घरातल्या आहेत.

रेडचं खरं रहस्यही तिनंच लवकर ओळखलं. मला पुतण्या चार दिवस समजावत होता. शेवटी तो म्हणाला, "किराण्याच्या यादीत एका जिनसाची किंमत पुसली गेली, पण खालची बेरीज शाबूत आहे, तर पुसलेली किंमत काढता येते ना? तशी बेरीज आपण डिस्कांवर लिहून ठेवतो. दोन किमती पुसल्या तर एक बेरीज पुरत नाही, म्हणून दोन निराळ्या तऱ्हेच्या बेरजा. आठांतल्या कुठल्याही दोन मेल्या तरी चालेल. तिसरी गेली तर संपलं."

"मग त्यात एवढं काय?" ही म्हणाली. "मी घरखर्चाचे पैसे पाच डब्यांत ठेवते. यांना कधीच सगळे सापडत नाहीत."

"पण काकू, रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे," पुतण्या गंभीर झाला. "चुकून पुसलं तर आठही ठिकाणी पुसलं जातं. घराला आग लागली तर आठही जळतात. एक प्रत दुसऱ्या गावी हवीच."

ती वडशाला ठेवायची ठरलं. पण आधी सगळ्या कॅसेटी उतरायला हव्या होत्या. मी रोज एक-दोन करीत होतो. मार्चमध्ये १९९३ ची ती कॅसेट लावली. ती शेवटपर्यंत चालली, चित्र डिस्कवर उतरलं, आणि गुंडाळताना फीत यंत्रात अडकून तिचे तीन तुकडे झाले. आता वडील फक्त कोठीच्या खोलीत होते.

आणि उन्हाळा आला.

चंद्रपूरच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्यांना सांगून पटत नाही. मे महिन्यात इथला पारा ४७ च्या पुढे जातो. डिस्कला साठ अंशांपर्यंत चालतं असं तिच्यावर लिहिलेलं असतं. पण ते लिहिणारा चंद्रपूरला आलेला नसावा. वाळ्याचा कूलर मी बैठकीतून उचलून कोठीच्या दाराशी लावला. पाहुणे घामानं निथळत बैठकीत बसत आणि तांदूळ व डिस्का गारव्यात. "मी बाळंत होऊन आले तेव्हा टेबलफॅन मागितला होता," अशी चाळीस वर्षांपूर्वीची नोंद या निमित्तानं पुन्हा वाचली गेली.

त्या दिवशी दुपारी दोनला वीज गेली. आमच्या उशाशी २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र आहे. त्याचा धूर आम्हाला अखंड मिळतो. वीज मधूनमधून मिळते. इन्व्हर्टरवर डिस्का चालू राहिल्या, पण कूलर थांबला. मी जेवून आडवा झालो होतो. साडेतीनला उठून पाहतो तो डिस्का ५८ अंशांवर, आणि पाचव्या क्रमांकापुढे लाल अक्षरं. पाचवी गेली होती.

पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "बंद करा, गार होऊ द्या, रात्री राखीव डिस्क लावा." रात्री अकराला मी राखीव डिस्क बसवली. उरलेल्या सातजणी आपापल्याजवळचं वाचून, बेरीज-वजाबाकी करून, मेलेल्या बाईचं सगळं नवीच्या अंगावर पुन्हा लिहू लागल्या. पडद्यावर आलं: अंदाजे सात तास. म्हणजे अकरा ते सहा. झाडीपट्टीचं अख्खं नाटक.

मी कणगीला टेकून बसलो. हिनं चहा आणला आणि तीही बसली. "झोप तू," मी म्हणालो. "मामंजी आहेत ना त्यात," ती म्हणाली आणि ओला टॉवेल पिळून दाराला टांगला. डिस्का आत गरगरत, मधूनच कटकट करीत होत्या. आजारी माणसाच्या उशाशी बसल्यावर जसा श्वास मोजतात, तसे आम्ही टक्के मोजत होतो. एकतीस. बत्तीस. पहाटे तीनला, सत्तावन्न टक्क्यांवर, दुसऱ्या क्रमांकाच्या डिस्कपुढे चुका दिसू लागल्या. दोन. नऊ. चाळीस.

एक गेलेली, दुसरी जायला निघालेली. तिसरीनं नुसतं शिंकायचं ठरवलं असतं तरी आटोपलं होतं. माझ्या हाताला घाम सुटला. हिनं काही न बोलता देवापुढचा दिवा आणून कणगीवर ठेवला. एरवी मी विज्ञानशिक्षक. त्या वेळी वात नीट केली. पुतण्याला झोपेतून उठवलं. तो म्हणाला, "काही हात लावू नका. नुसतं बसा." आयुष्यात मला दिलेला हा सर्वांत अवघड सल्ला होता.

सहा वाजून दहा मिनिटांनी शंभर टक्के झाले. हिरवी अक्षरं आली. एकही फाइल गेली नव्हती. दुपारच्या गाडीनं पुतण्या आला, त्यानं दुसरी डिस्क तपासली आणि वाकून मागे पाहिलं. डिस्क ठणठणीत होती. तिची केबल सैल झाली होती, कारण कोणीतरी लोणच्याची बरणी मागे सरकवून जागा केली होती. रात्री अकराला, राखीव डिस्क बसवताना, बरणी कोणी सरकवली याबद्दल घरात आजही दोन मतं आहेत. खरं मत एकच आहे, पण ते माझ्या विरुद्ध असल्यामुळे मी दुसरं धरून बसलो आहे.

त्यानंतर मी एक दिवसही थांबलो नाही. आणखी चार डिस्का मागवल्या, राहिलेल्या कॅसेटी महिनाभरात उतरवल्या, बारा टेराबाइटची प्रत त्या चारांवर घेतली, जेवणाच्या डब्यांसारख्या गोधडीत गुंडाळल्या आणि चांदा फोर्टहून गोंदियाच्या गाडीत बसलो. पंचावन्न दिवसांचं काम त्या गाडीनं एका दिवसात केलं. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करीत वडसा येईपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. समोरच्या बाई म्हणाल्या, "लहान लेकरू हाय का जी?"

वहिनींनी चारही डिस्का कपाटाच्या मोकळ्या खणात ठेवल्या आणि दार लावून पुन्हा उघडून पाहिलं.

"ह्या चारात ते सगळे मावले? मंग इतकी वर्सं ते पाचशे डब्बे काहून पुसत होतो जी मी?"

मी लॅपटॉपवर १९९३ चं नाटक लावलं. वडील काळा कोट घालून आले. त्यांनी टेबलावर मूठ आपटली, आणि आपटताक्षणी त्यांची डावी मिशी सुटून ओठावर लोंबू लागली. वडिलांनी ती एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं कायदा समजावत राहिले. तेवढ्यात चित्र जोरजोरात हलायला लागलं. मी म्हणालो, "इथे कॅमेरा बिघडला असावा."

"बिघडला नाई जी," वहिनी म्हणाल्या, "हासून राहिले ना ते."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बारा टेराबाइटमध्ये भाऊ कुठेच नाहीत. पाचशे कॅसेटींत अख्खी झाडीपट्टी आहे, आणि ज्यानं ती घेतली तो सगळा वेळ कॅमेऱ्याच्या मागे. आम्ही पुढे पाहत राहिलो. तिसऱ्या तासाच्या शेवटी खलनायकानं कमरेला हात घातला, आणि अगदी जवळून, माइकला लागून, भाऊंचा आवाज आला: "अरे, थांबा जी एक मिनिट, कॅसेट बदलू द्या!"

आणि चित्र गेलं.

वहिनी थोडा वेळ काळ्या पडद्याकडे पाहत राहिल्या. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "भाऊजी, असं दर नाटकात दोनदा होये ना?"

"दोनदा तर नक्कीच. मिनी डीव्हीच्या नाटकांत सहासहादा."

"मंग," त्या खुर्ची ओढून नीट बसल्या, "तेवढं तेवढं लावा."